कोंबडीचा सोर्स कोड

बिनपिसांच्या कोंबडीचा फोटो तुमच्याकडे कधी ना कधी आलाच असेल. लालसर उघडी कातडी, अंगावर एकही पीस नाही, तरी ऐटीत उभी. २००२ साली हा प्रकार जगभरच्या पेपरांत छापून आला होता. माझ्याकडे तो फोटो आधी ई-मेल फॉरवर्डमधून आला, मग फोनवर, आणि अजूनही दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी काका-मामा पाठवतातच. खालची ओळ ठरलेली: "बघा, ही जेनेटिकली मॉडिफाईड कोंबडी! आपल्या ताटात हेच येतंय!"

गंमत अशी, की ती कोंबडी जेनेटिकली मॉडिफाईड नव्हतीच. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातले अविग्दोर काहानेर यांनी ती साध्या संकरातून तयार केली होती. पिसं न येण्याचं म्युटेशन १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात आपोआप सापडलं होतं. काहानेर यांनी त्या वाणाचा ब्रॉयलरशी संकर केला, बस्स. हेतू सरळ होता. भराभर वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या अंगात उष्णता फार तयार होते, वर पिसांची रजई, आणि बाहेर आपल्यासारखा मे महिना. पक्षी मरतात.

उलट ज्या कोंबड्यांच्या जनुकांत माणसानं प्रयोगशाळेत खरोखर हात घातलाय, त्या दिसायला इतक्या साध्या आहेत की त्यांचा फोटो फॉरवर्ड करावा असं कुणालाच वाटणार नाही.

मी जीवशास्त्राचा माणूस नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण या विषयात अडकलो त्याचं कारण धंद्याचंच आहे. कुणीतरी फार पूर्वी लिहिलेला, डॉक्युमेंटेशन नसलेला, चालू असलेला सिस्टिम बंद न करता त्यात बदल करायचा, ही आमची रोजची रड. कोंबडीच्या बाबतीत हे काम माणूस काही हजार वर्षं करतोय. फक्त एडिटर बदलत गेला.

सुरुवात सह्याद्रीपासून करू. पाळीव कोंबडी आली लाल रानकोंबड्यापासून, असं डार्विनचं म्हणणं होतं, आणि ते मुख्यतः बरोबरच आहे. पण कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग मात्र लाल रानकोंबड्यात नाही. तो आला कुठून? २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकं ताडून पाहिली, आणि उत्तर निघालं राखी रानकोंबडा. म्हणजे आपला, दक्षिण भारतातला आणि सह्याद्रीतला. कोयनेच्या किंवा महाबळेश्वरच्या जंगलात पहाटे कुणी ट्रेकला गेलं असेल तर त्याची ती तुटक बांग ऐकलीच असेल. खाण्यातलं पिवळं द्रव्य तोडणारं एक एन्झाइम असतं, बीसीडीओ२ नावाच्या जनुकातून बनणारं. राखी रानकोंबड्याकडून आलेल्या आवृत्तीत हे एन्झाइम कातडीत बनत नाही, मग पिवळा रंग तसाच साठून राहतो. थोडक्यात, केव्हातरी भारतात कुणाच्या तरी अंगणातल्या कोंबडीचं जंगलातल्या दुसऱ्याच जातीच्या कोंबड्याशी जमलं, आणि त्यातला एक छोटा तुकडा आज जगभरच्या कोट्यवधी कोंबड्यांत आहे. दोन वेगळ्या जातींतलं जनुक-स्थलांतर! कमिटी नाही, परवानगी नाही.

याहून भारी उदाहरण चिलीचं. तिथल्या आराउकाना कोंबड्या निळी अंडी घालतात. खरोखर निळी, आतून-बाहेरून. २०१३ मध्ये त्याचं कारण सापडलं. एका रेट्रोव्हायरसनं आपली प्रत कोंबडीच्या डीएनएमध्ये घुसवली होती. ती नेमकी अशा जनुकाच्या शेजारी बसली, की ते जनुक अंड्याचं कवच बनवणाऱ्या ग्रंथीत जास्त चालू राहिलं आणि कवचात निळसर-हिरवं पित्तद्रव्य उतरायला लागलं. चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांतही असंच घडलंय, पण विषाणू बसलाय थोड्या वेगळ्या जागी. म्हणजे तोच अपघात दोनदा झाला. बाहेरचं जनुक पक्ष्यात घालणं हे निसर्गाविरुद्ध आहे असं कुणी म्हणालं, की मला हे निळं अंडं आठवतं. अर्थात निसर्गात घडतं म्हणून ते चांगलं, असंही नाही. साथीचे रोगही निसर्गातच घडतात.

आता अमेरिकेत या. दुसरं महायुद्ध संपता संपता तिथे ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा सुरू झाली. ए अँड पी ही किराणा दुकानांची साखळी आणि सरकारचं शेती खातं दोघंही त्यात होते. भरपूर छातीचं मांस असलेली, लवकर वाढणारी, कमी खाणारी कोंबडी आणा आणि बक्षीस न्या. १९४८ ची राष्ट्रीय फेरी जिंकली कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी, आणि १९५१ चीही त्यांनीच. त्यांच्या कोंबड्यांत कॉर्निश जातीचं रक्त होतं. ही कॉर्निश इंग्लंडात ‘इंडियन गेम’ म्हणून ओळखली जायची, कारण ती तयार झाली होती आपल्याकडच्या झुंजीच्या असील कोंबड्यांचा संकर करून. असीलची ती रुंद, पहिलवानी छाती! आज जगात कुठेही चिकन ब्रेस्ट खा, त्यात हा भारतीय पहिलवान थोडा तरी असतोच.

व्हँट्रेस हे नाव पुढे कॉब-व्हँट्रेस या कंपनीत जिवंत राहिलं. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजनं भारतात आणलेली ‘वेंकॉब’ कोंबडी आहे ना, त्यातला ‘कॉब’ हाच. असील इथून इंग्लंडला गेला, तिथून अमेरिकेत, आणि कंपनीच्या नावासकट पुण्यात परतला. अशी घरवापसी कमीच बघायला मिळते.

या निवडीचं फळ किती, ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं मोजून दाखवलंय. त्यांनी १९५७ आणि १९७८ सालचे वाण जसेच्या तसे सांभाळून ठेवले होते. ते आणि २००५ चा व्यापारी ब्रॉयलर, तिघांना एकसारखं खाद्य देऊन वाढवलं आणि २०१४ मध्ये आकडे छापले. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ ग्रॅम, २००५ चा ४२०२ ग्रॅम. हार्मोनची इंजेक्शनं वगैरे काही नाही (हा आणखी एक अमर फॉरवर्ड!), फक्त जनुकं वेगळी. ती बदलली कशी? कागद, पेन्सिल, वजनकाटा, नंतर कॉम्प्युटर, आणि दर पिढीला निवड.

याची किंमत पक्ष्यानं भरली. पाय लंगडे पडतात, हृदय पुरत नाही. आणि ज्या कोंबड्या ब्रॉयलरच्या आया होतात, त्यांना पोटभर खायला देता येत नाही. पोटभर दिलं तर त्या इतक्या फुगतात की अंडी नीट घालू शकत नाहीत, म्हणून त्यांना मोजून-मापून, अर्धपोटी ठेवतात. भूक वाढवणारी निवड करायची आणि मग त्याच भुकेला कुलूप लावायचं. माझ्या मते पक्ष्यांमध्ये माणसानं केलेला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात क्रूर बदल हाच आहे, आणि तो करताना कुठल्याही देशातला जीएम कायदा आडवा आला नाही. कारण जीएम कायदा पद्धत बघतो, परिणाम बघत नाही.

बरं, मग प्रयोगशाळेतली खरी जनुकीय कोंबडी कधी आली? फार उशिरा आणि फार हाल होऊन. आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण इंजिनिअरला यातच जास्त मजा आहे.

उंदरात बाहेरचं जनुक घालणं १९८० च्या सुमाराला जमलं. रीत सोपी: नुकतंच फळलेलं, एकाच पेशीचं अंडं काढा, बारीक सुईनं त्यात डीएनए सोडा, परत मादीच्या पोटात ठेवा. कोंबडीत हे जमेना. तिचं अंडं फळतं ते पोटात, आणि बाहेर यायला सुमारे एक दिवस लागतो. त्या दिवसात त्यावर पांढरं चढतं, कवच चढतं, आणि आत पेशींचं विभाजन चालूच असतं. तुमच्या हातात अंडं येतं तेव्हा बलकावरच्या त्या छोट्या पांढऱ्या ठिपक्यात पन्नास-साठ हजार पेशी झालेल्या असतात. आता सुई कुठे टोचणार? म्हणजे कोड तुमच्या हातात येतो तोच मुळी पन्नास हजार सर्व्हरवर डिप्लॉय होऊन.

स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये (हो, तेच डॉली मेंढीवालं) मार्गारेट पेरी यांनी १९८८ मध्ये यावर एक अफाट उपाय काढला. कोंबडीच्या पोटातून एका पेशीच्या अवस्थेतलं अंडं काढायचं, आधी काचेच्या भांड्यात वाढवायचं, मग दुसऱ्या अंड्याच्या रिकाम्या कवचात, मग तिसऱ्या मोठ्या कवचात, आणि शेवटी पिल्लू बाहेर! टप्प्याटप्प्यानं भाड्याची घरं बदलावीत तसं. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो होतो. १९९४ मध्ये रोझलिननं याच वाटेनं सुई वापरून जनुक घातलेली कोंबडी केलीही, पण हे काम घाऊक प्रमाणात होण्यासारखं नव्हतं.

दुसरी वाट निळ्या अंड्याचीच: विषाणूकडून हमाली करून घ्यायची. अमेरिकेत मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगच्या सरकारी प्रयोगशाळेत सॉल्टर आणि क्रिटेन्डन यांनी १९८७ ते १९८९ च्या दरम्यान एव्हियन ल्युकोसिस या विषाणूचीच जनुकं कोंबडीच्या वंशात बसवली. त्यातल्या एका वंशात विषाणूचं फक्त बाहेरचं प्रथिन बनायचं. त्या प्रथिनानं पेशीवरच्या कड्या आतून लावून घेतल्या, आणि खरा विषाणू आला तर त्याला दार मिळेना. बघा, जनुक घातलेल्या अगदी पहिल्या कोंबड्यांतलाच हा एक वंश, आणि त्याचा उपयोग रोगप्रतिकाराचा! मांस वाढवण्याचा नाही.

तिसरी वाट सापडली २००६ मध्ये, आणि आज बहुतेक सगळे तिच्यावरूनच चालतात. सस्तन प्राण्यांत पुढे शुक्रजंतू किंवा अंडी होणाऱ्या मूळ पेशी ऊतींमधून सरपटत आपल्या जागी पोचतात. पक्ष्यांत मात्र त्या रक्तातून प्रवास करतात. अंडं उबवायला ठेवल्यावर अडीच-तीन दिवसांनी गर्भाच्या रक्ताचा एक थेंब घेतला, की त्यात या पेशी तरंगताना सापडतात. कॅलिफोर्नियाच्या ओरिजन थेराप्युटिक्स कंपनीतल्या मारी-सेसिल व्हॅन द लाव्हुआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी भांड्यात वाढवायची युक्ती शोधली. आता सावकाश बसून त्यात बदल करा, बदल बरोबर झाला का ते तपासा, आणि मगच दुसऱ्या गर्भाच्या रक्तात सोडा. त्या आपोआप आपल्या जागी जातात. तो कोंबडा मोठा झाला, की त्याची काही पिल्लं तुमच्या बदलासकट जन्मतात. पन्नास हजार सर्व्हरचा प्रश्नच मिटला, कारण आता मास्टर कॉपी हाताशी आली. पुढे टॅलेन आणि क्रिस्पर ही कात्र्यांसारखी हत्यारं आली आणि नेमक्या अक्षरावर बोट ठेवता येऊ लागलं.

यातून काय मिळालं? एक गोष्ट तर पूर्ण झालेली आहे. लायसोसोमल अ‍ॅसिड लायपेज नावाचं एन्झाइम जन्मतः नसलेली काही बाळं असतात. चरबी पचत नाही, यकृत-प्लीहा सुजतात, आणि या रोगाच्या तान्हेपणीच्या प्रकारात उपचारांविना बाळ बहुधा पहिला वाढदिवसही बघत नाही. हे मानवी एन्झाइम कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात तयार करायचं तंत्र अमेरिकेत सिनाजेव्हा कंपनीनं विकसित केलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये एफडीएनं ‘कनुमा’ या नावानं त्याला मान्यता दिली. कोंबडीच का? कारण तिच्या पेशी एन्झाइमवर साखरेच्या ज्या साखळ्या चढवतात, त्या या कामाला सोयीच्या आहेत, आणि अंडं म्हणजे रोजचं पॅक करून येणारं प्रथिन. चाचणीत नऊ तान्ह्या बाळांपैकी सहा वर्षभराच्या पुढे जगली. आधीच्या नोंदींतल्या, उपचार न मिळालेल्या तशाच एकवीस बाळांपैकी एकही जगलं नव्हतं. कोंबड्या बंद इमारतीत असतात आणि त्यांचं अंडं किंवा मांस खाण्यात जात नाही. औषधाची किंमत वर्षाला लाखो डॉलरच्या घरात. कंपनी २०१५ मध्येच अलेक्झिऑननं सुमारे ८४० कोटी डॉलरला घेतली. कोंबडी स्वस्त असली म्हणून औषध स्वस्त होत नाही, एवढं यातून कळलं.

पण आपल्यासाठी खरा मुद्दा बर्ड फ्लूचा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा एच५एन१ सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. भोपाळच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला आणि पांढरे सूट घातलेली माणसं टीव्हीवर दिसायला लागली. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ज्या शेडमध्ये रोग नव्हता पण जी परिघात होती, तीही रिकामी झाली. मार्चमध्ये जळगाव. देशभर अंडी-चिकनचे भाव पडले, आणि कुक्कुटपालनासाठी कर्ज काढलेल्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तेच. आणि २०२२ पासून एकट्या अमेरिकेत १५ कोटींहून जास्त पक्षी या रोगाच्या साथीत मेले किंवा मारले गेले. २०२४ मध्ये तो तिथल्या गाईंत पोचला. म्हणजे प्रश्न फक्त ऑम्लेटचा राहिलेला नाही.

तर २०११ मध्ये केंब्रिजचे लॉरेन्स टायली, रोझलिनच्या हेलन सँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कोंबडी केली. तिच्या पेशी एक छोटा बनावट आरएनए तयार करतात. फ्लूच्या विषाणूचं कॉपी काढणारं यंत्र त्याला खरा समजून चिकटतं आणि तिथेच गुंतून पडतं. प्रयोगाचा निकाल मोठा विचित्र होता. थेट विषाणू टोचलेल्या या कोंबड्या आजारी पडल्या, मेल्याही. पण त्यांच्यासोबत ठेवलेल्या कोंबड्यांना रोग लागला नाही, अगदी साध्या, जनुक न घातलेल्या कोंबड्यांनाही नाही.

जरा थांबून विचार करा. ही कोंबडी मालकाला वाचवत नाही, शेजाऱ्याला वाचवते. नवापुरात अशी कोंबडी जास्त पैसे देऊन कोण घेईल? ज्यानं घेतली त्याची शेड जाईल, फायदा पलीकडच्या शेडचा.

याच्या बरोबर उलटी गोष्ट मॅरेक्स या रोगाच्या लसीची. कोंबड्यांचा हा हर्पीस-जातीचा रोग. त्यावरची लस १९७० च्या सुमारापासून वापरात आहे, आणि तिच्याशिवाय आजचा पोल्ट्री धंदा उभाच राहिला नसता. पण ती कोंबडीला मरू देत नाही एवढंच. विषाणू आत वाढतो आणि बाहेर पसरतो. अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रयोगानं दाखवलं, की जे अतिजहाल विषाणू एरवी कोंबडीला झटपट मारून स्वतःही संपले असते, ते लस घेतलेल्या कोंबडीत आरामात टिकतात आणि पसरतात. लस टोचलेल्या मालकाचा फायदा, न टोचलेल्या शेजाऱ्याचं मरण. आणि बाजारात ही लस धडाक्यात खपली!

म्हणून प्रतिकारक्षम कोंबडीबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: ती फक्त स्वतः वाचते, की रोगाची साखळीही तोडते?

२०२३ मध्ये रोझलिनचे माइक मॅक्ग्रू, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या वेंडी बार्कले वगैरेंनी पुढचं पाऊल टाकलं. फ्लूचा विषाणू स्वतः पुरेसा नसतो, त्याला कॉपी काढायला कोंबडीचंच एएनपी३२ए हे प्रथिन लागतं. क्रिस्परनं त्या प्रथिनातली फक्त दोन अक्षरं बदलली. बाहेरचं जनुक अजिबात नाही. कोंबड्या दोन वर्षं ठणठणीत राहिल्या. नेहमीच्या मात्रेतला विषाणू दिला तेव्हा दहापैकी नऊ जणींना काही झालं नाही. मग मात्रा हजारपट केली. आता दहापैकी पाच जणींना लागण झाली, आणि त्यांच्यातल्या विषाणूत म्युटेशनं सापडली. तो बदललेल्या प्रथिनाशी जुळवून घेत होता, शिवाय एएनपी३२बी आणि एएनपी३२ई ही भावंडं वापरायला शिकला होता. एक एपीआय बंद केलं, त्यानं दुसरी दोन शोधली. संशोधकांनी ही बातमी लपवली नाही, उलट तीच पेपरचा कणा केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हे विषाणू माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशींत जास्त जोमानं वाढतात का, तेही तपासलं. तसं दिसलं नाही. भांड्यातल्या पेशींत तिन्ही जनुकं एकदम बंद केल्यावर विषाणू वाढेचना. पण ही तिन्ही प्रथिनं कोंबडीच्या स्वतःच्याही कामाची असतात, ती काढून टाकून धडधाकट कोंबडी मिळेल असं गृहीत धरता येत नाही. जिथे जमेल तिथे थोडा थोडा बदल एकाच वेळी करावा लागेल. अर्धाच पॅच करोडो कोंबड्यांत घातला, तर आपण विषाणूसाठी ट्रेनिंग सेंटर उघडल्यासारखं होईल.

इतर प्रयोगांबद्दल थोडक्यात. अंड्याच्या धंद्यात नर पिल्लं कुणालाच नको असतात. जगभरात वर्षाला सुमारे ७०० कोटी नर पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जातात. पक्ष्यांत मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड. म्हणजे आईचा झेड फक्त मुलांना मिळतो, मुलींना कधीच नाही. मग बदल आईच्या झेडवर करा. इस्रायलच्या व्होल्कानी सेंटरमध्ये युवाल सिनामोन यांच्या गटानं अशी कोंबडी केल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं: अंड्यावर निळा प्रकाश पाडला की नर गर्भाची वाढ तिथेच थांबते. अंडी घालणाऱ्या मुलीत बदलाचा मागमूसही नाही. लॉजिक म्हणून हे इतकं देखणं आहे की मी दोनदा कागदावर काढून पाहिलं. जपानमध्ये अ‍ॅलर्जी करणारं ओव्होम्युकॉइड हे प्रथिन नसलेली अंडी झाली. अंडं उकडलं तरी ते प्रथिन मोडत नाही, म्हणून ते मुळातूनच काढायचं. आणि रोझलिननं २०१९ मध्ये स्वतःची बीजं नसलेल्या भाडोत्री कोंबड्यांच्या पोटी दुर्मिळ जातींची पिल्लं जन्माला घालून दाखवली. पक्ष्याचं अंडं गोठवून ठेवता येत नाही, त्यामुळे जुने वाण टिकवायला ही वाट फार मोलाची आहे.

चिंता मला तीन वाटतात, पण सारख्या वजनाच्या नाहीत. खाणाऱ्याला अपाय होईल ही भीती मला सगळ्यात हलकी वाटते. दोन अक्षरांचा बदल तपासता येतो. दुसरी, गर्दीची. रोग होत नाही म्हटल्यावर त्याच शेडमध्ये आणखी पक्षी कोंबले जातील. आजवरचा अनुभव तसाच आहे. तिसरी सगळ्यात जड, मालकीची. जगातल्या ब्रॉयलर आणि लेयरची मूळ बीजं आजच मूठभर कंपन्यांकडे आहेत. एव्हिएजेन, हाय-लाइन आणि लोहमान ही तिन्ही नावं तर एकाच जर्मन ईडब्ल्यू ग्रुपची. सगळीकडे एकच इमेज चालवली तर एकच बग सगळीकडे चालतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्यात पेटंट आलेलं जनुक टाकलं, की नवापूरच्या शेडवाल्याला निवड करायला फारसं काही उरणार नाही.

आणि एक जाता जाता. पोल्ट्रीतला ब्रॉयलर पळून जंगलात संसार थाटणार नाही, त्याला धड चालता येत नाही. पण कोकणातल्या, मावळातल्या वाड्यांवर गावठी कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि रान दहा पावलांवर असतं. उत्तरेतल्या लाल रानकोंबड्यांत पाळीव कोंबडीचं रक्त मिसळत असल्याची चिंता पक्षीशास्त्रज्ञ फार आधीपासून करताहेत. पिवळ्या पायांचं जनुक रानातून अंगणात आलं तो रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा आहे.

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत पीआरआरएस या रोगाला दाद न देणाऱ्या, जीन एडिट केलेल्या डुकराला एफडीएनं एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे १९८९ चे नियम आणि जीईएसी. मार्च २०२२ मध्ये सरकारनं बाहेरचं जनुक नसलेल्या जीन-एडिटेड वनस्पतींना त्या नियमांतल्या मोठ्या भागातून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण त्याच दारातून आले. त्या सूटपत्रात कोंबडीचा उल्लेख नाही. तिच्यात दोन अक्षरं बदलली काय किंवा अख्खं जनुक घातलं काय, फाईल त्याच टेबलावर जाते. आणि वजन चौपट करणाऱ्या निवडीची फाईल कुठल्याच टेबलावर नसते.